बारा हजार बॉम्ब आणि वाळूच्या दोन बादल्या

पंक रॉक मला एकावन्नाव्या वर्षी झाला. गोवर, कांजिण्या, गालगुंड हे सगळं ज्या त्या वयात रीतसर होऊन गेलं होतं. हे एक राहिलं होतं. लहानपणी होऊन गेलेलं बरं असतं म्हणतात, उतारवयात अंगावर फार येतं. मला ते आलं.

मी कानाची मशिनं बसवतो. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर माझं दुकान आहे. दुकान म्हटलेलं मला आवडत नाही, पाटीवर ‘श्रवण केंद्र’ आहे, पण सगळे दुकानच म्हणतात आणि गेल्या अठरा वर्षांत मी त्यांना दुरुस्त करणं सोडून दिलंय. दुकानात आतल्या बाजूला कान तपासायची एक साउंडप्रूफ खोली आहे. सहा फूट बाय पाच फूट, जाडजूड दार, एका भिंतीला दुहेरी काच. आम्ही तिला पेटी म्हणतो. पेशंट पेटीत बसतो, मी बाहेर यंत्रापाशी बसतो. मी बारीक आवाज सोडतो, त्याला ऐकू आला की तो हातातलं बटण दाबतो, माझ्यासमोर दिवा लागतो आणि मी कागदावर फुली मारतो. पेटीचं दार लावलं की आतला आवाज बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. आयुष्यात मी एवढी एकच वस्तू अशी घेतली, जी जाहिरातीत सांगितल्यासारखी निघाली.

तर एका सकाळी मुलगी चहाचा कप हातात घेऊन माझ्यासमोर बसली. ती एकोणीस वर्षांची आहे. त्याआधीच्या चार वर्षांत आमच्यात जे काही बोलणं झालं ते ‘हळू बोल’ आणि ‘कळलं’ या दोन वाक्यांत बसवता आलं असतं. तीच मुलगी म्हणाली, “बाबा, तुझी पेटी शनिवारी दुपारी रिकामी असते ना?”

बाप म्हणून माझा शेवटचा उपयोग तिच्या सायकलची चेन बसवताना झाला होता. मी कशाला हवी हेही न विचारता हो म्हटलं. मग कळलं की तिचा बँड आहे, बँडचं एक गाणं आहे, आणि गाणं अण्वस्त्रांच्या धोक्यावर आहे. पंक रॉक.

“म्हणजे कसं असतं ते?” मी विचारलं.

“तीन सूर, दोन मिनिटं, आणि मनापासून ओरडायचं.”

बँडमध्ये चौघं होती. मुलगी गिटार वाजवायची. ड्रमवर एक मुलगी होती, तिला ‘वादळ’ म्हणायचे. ती इतकी हळू बोलायची की आता मी स्वतःलाच मशीन सुचवावं का, असा विचार मी सवयीने करत असे. बेस गिटारवर ‘खांब’ नावाचा एक लांबलचक मुलगा होता. आणि गायचं काम ‘घसा’ नावाच्या मुलाकडे होतं. पेटीत पूर्ण ड्रमसेट मावेना, म्हणून एक ड्रम आणि एक झांज एवढ्यावर भागवलं. खांब मान वाकडी करून उभा राहायचा.

पहिल्याच शनिवारी मी गाण्याचा कागद मागितला. मी वाचनालयाच्या अंकात दोनदा छापून आलेला माणूस आहे, हे मुलीच्या मित्रांना माहीत असावं असं मला वाटत होतं. गाणं असं होतं:

बटण कुणाचं, बोट कुणाचं,
मरण मात्र सगळ्यांचं.
बारा हजार, बारा हजार,
एकच पुरे, बाकी बेकार.

मी लाल शाईने खुणा केल्या. जगात सुमारे बारा हजार अण्वस्त्रं आहेत हे बरोबर होतं. पण बटण एकच नसतं, त्याला बरीच कार्यपद्धती असते. आणि एका बॉम्बने सगळं जग संपत नाही.

“ज्याच्यावर पडतो त्याचं संपतं,” मुलगी म्हणाली.

मी घाईघाईने माझी पर्यायी सुरुवात वाचून दाखवली: ‘हे महाभयंकर अण्वस्त्रा, आवर तुझा उद्दाम आवेग.’ पेटीत शांतता पसरली. तशी ती पेटीत असतेच, पण ही वेगळी होती. बऱ्याच वेळाने खांब म्हणाला, “छान आहे काका. कुणी वारलंय का?”

मी लाल पेन खिशात ठेवलं.

तिसऱ्या शनिवारी घशाचा घसा बसला. डॉक्टरांनी त्याला महिनाभर बोलायला बंदी केली. तो निरोप द्यायला आला तेव्हा सगळं पाटीवर लिहून दाखवत होता, आणि त्याची आई शेजारी उभी राहून माझ्याकडे असं बघत होती जसं काही बॉम्ब मीच बनवलेत. कार्यक्रम चार आठवड्यांवर आला होता. पलीकडच्या गल्लीतल्या सार्वजनिक सभागृहात, शनिवारी संध्याकाळी. मुलं हताश होऊन दुकानात बसली होती, आणि मी बाहेरच्या खोलीत एका आजोबांना नवीन मशीन कसं घालायचं ते सांगत होतो. आजोबांना एका बाजूने अजिबात ऐकू येत नाही आणि दुसऱ्या बाजूने ऐकायची इच्छा नाही. मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने बोलत होतो, म्हणजे पोटातून, एकेक अक्षर सुटं करून: “बॅ-ट-री सं-प-ली की ला-ल दि-वा ला-ग-तो.”

आजोबा गेले. मी वळलो तर तिघंही माझ्याकडे बघत होती.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “तू गाशील?”

मला भरून आलं. मी म्हटलं, माझा आवाज एवढा चांगला आहे हे आजवर कुणी...

“चांगला नाहीये,” ती म्हणाली. “मोठा आहे.”

बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ती थांबली नाही. “अहो, मागे तुम्ही स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला घेतला होता,” एवढंच म्हणाली. त्या नळाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

बातमी इमारतीत पसरली. सर्वात आधी सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते उभ्या उभ्याच बोलतात, बसलं की माणूस मऊ पडतो असं त्यांचं मत आहे. “गाणं अणुबॉम्बच्या बाजूने आहे की विरोधात?”

“विरोधात.”

“मग सोसायटीची हरकत नाही. पण दुपारी एक ते चार शांततेची वेळ असते. त्या वेळात विरोधातसुद्धा आवाज नको.”

मग वरच्या मजल्यावरचे काका आले. ते हवामान खात्यातून निवृत्त झालेत, आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे अंदाज फार साठलेत. त्यांनी गाणं चष्मा वर करून वाचलं, चष्मा खाली करून वाचलं, आणि म्हणाले, “यात वारा नाही.”

“वारा?”

“अहो, बॉम्ब एका जागी पडतो. पुढचं सगळं काम वारा करतो. वाऱ्याची दिशा नसलेलं अणुबॉम्बचं गाणं म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.” त्यांनी स्वतः बावीस ओळींचं कडवं लिहून आणलं होतं, त्यात आर्द्रताही होती. शेवटी ‘वारा आला, तुझ्याही घराला’ या एका ओळीवर तडजोड झाली. ही ओळ गाण्यात सर्वात चांगली ठरली, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता राहिली परवानगी. सभागृहात लाउडस्पीकर लावायचा तर वॉर्ड ऑफिसातून कागद लागतो. खिडकी क्रमांक चार. तिथल्या बाई कडक पण सरळ होत्या, त्यांच्या टेबलावरच्या टाचण्यासुद्धा एका दिशेला तोंड करून होत्या. अर्जात एक रकाना होता: ‘कार्यक्रमात स्फोटक पदार्थांचा समावेश आहे काय? असल्यास तपशील.’ कुणीही शहाणा माणूस ‘नाही’ लिहून मोकळा झाला असता. मी प्रामाणिक आहे. मी लिहिलं: ‘होय. अणुबॉम्ब, फक्त शब्दांत.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. “किती?”

“शब्द?”

“बॉम्ब.”

“बारा हजार,” मी म्हटलं. गाण्यात तसंच होतं.

बाईंनी अर्ज परत न करता वेगळ्या ट्रेमध्ये ठेवला. सरकारी ऑफिसात अर्ज परत मिळाला तर आशा असते. वेगळ्या ट्रेमध्ये गेला की प्रवास सुरू होतो. तो अर्ज अग्निशमन खात्याकडे गेला. तिथून एक अधिकारी सभागृह बघायला आले. भला माणूस होता. त्यांनी व्यासपीठ पावलांनी मोजलं आणि म्हणाले, “नियमाप्रमाणे प्रत्येक स्फोटक वस्तूमागे वाळूची एक बादली.”

“साहेब, बारा हजार बादल्या...”

“सभागृहात मावणार नाहीत, ते मलाही दिसतंय.” त्यांनी बराच विचार केला. “वस्तू शाब्दिक असल्यामुळे दोन बादल्यांवर मंजूर करतो. पण चार वाजल्यापासून एक जबाबदार व्यक्ती बादल्यांजवळ बसलेली पाहिजे.”

अशा रीतीने अणुयुद्धाच्या धोक्यापासून सभागृहाचं रक्षण करायला माझ्या बायकोची नेमणूक झाली. कागद हातात आला त्यावर वेळ होती, पाच ते सव्वापाच. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही, आणि चार नंबरच्या बाई स्वतः देखरेखीला येणार होत्या.

कार्यक्रमाच्या दिवशी तीन वाजता आम्ही शेवटच्या तालमीसाठी पेटीत शिरलो. माझ्या मदतनीस बाई शनिवारी अर्धा दिवस करून घरी जातात. बायको बादल्या घेऊन सभागृहात गेली होती. शांततेची वेळ चालू होती, म्हणून मी दार घट्ट लावून घेतलं. मोबाइल बाहेर टेबलावर ठेवले होते, कारण पेटीच्या दारावर तशी सूचना आहे. सूचना माझीच आहे. ठळक अक्षरात.

दोनदा गाणं झालं. वीस मिनिटांनी खांबाला मान सरळ करायची होती, म्हणून त्याने दार उघडायला आतली मूठ ओढली. मूठ त्याच्या हातात आली. दार जागच्या जागी राहिलं.

खांबाने मूठ मला दिली. मी ती भोकात परत घालून फिरवली, ती आनंदाने गोल गोल फिरत राहिली. बाहेरून ते दार एका बोटाने उघडतं.

मग आम्ही ओरडलो. चौघं, जिवाच्या आकांताने. खांबाने बेस वाजवला, वादळने ड्रम बडवला. जरा वेळाने मला आठवलं की या पेटीतून आवाज बाहेर जात नाही असं लेखी प्रमाणपत्र मी फ्रेम करून बाहेर लावलंय. हवा यायची सोय होती, त्यामुळे जिवाला धोका नव्हता, पण काचेतून समोरचं घड्याळ मात्र स्पष्ट दिसत होतं. साडेतीन. पावणेचार. सव्वाचार.

“बाबा, कार्यक्रम गेला,” मुलगी जमिनीवर बसत म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मला दिसू नये म्हणून ती गिटारची तार घट्ट करत होती. मला फार वाईट वाटलं. चार वर्षांनी तिने माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती आणि मी तिला त्या गोष्टीत कोंडून ठेवलं होतं.

तेवढ्यात काचेपलीकडे प्राचार्यबाई दिसल्या.

प्राचार्यबाई ऐंशी वर्षांच्या आहेत. शाळेतून निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली, पण शाळा त्यांच्यातून झालेली नाही. ‘बंद’ ही पाटी त्या इतरांसाठी आहे असं समजतात. त्यांचं मशीन दुरुस्तीसाठी माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, म्हणजे त्यांना या क्षणी काहीही ऐकू येत नव्हतं. त्या माझ्या खुर्चीत बसल्या. आम्ही चौघांनी काचेवर हात आपटले. त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली, सावकाश होऊ द्या अशा अर्थाने, आणि माझं वर्तमानपत्र उघडलं.

मी दाराकडे बोट दाखवलं. त्यांनी दाराकडे बघितलं आणि दार आहे या गोष्टीशी सहमती दर्शवली. खांबाने मूठ दाखवली. त्यांनी ती दुरून निरखून मान डोलावली.

मग वादळच्या लक्षात आलं. तिने पेशंटचं बटण उचललं आणि दाबलं. बाहेर यंत्रावर दिवा लागला. प्राचार्यबाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. पुन्हा दिवा लागला. त्यांनी माझी पेन्सिल घेतली, कोरा तक्ता ओढला आणि फुली मारली. अकरा वर्षं त्या माझ्याकडे तपासणीला येतात. दिवा लागला की काय करायचं हे त्यांना पाठ होतं. पुढची दहा मिनिटं वादळ बटण दाबत होती आणि बाई शांतपणे फुल्या मारत होत्या. त्या तक्त्याप्रमाणे आम्हा चौघांचे कान उत्तम आहेत.

तक्ता भरल्यावर त्यांनी, मी घालतो तसे, हेडफोन घातले. आवाजाची कळ मी फिरवतो तशी फिरवली, पण शेवटपर्यंत. पेटीत एक छोटा माईक असतो, पेशंट काय बोलतो ते मला ऐकू यावं म्हणून.

“बाई,” मी म्हटलं, “दार उघडा.”

प्राचार्यबाई दचकल्या. मग त्यांचा चेहरा असा झाला की मी पुढचं बोलायचं विसरलो. त्यांनी समोरचा, पेटीत बोलायचा माईक जवळ ओढला. “तुमचा आवाज असा आहे होय,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, तुम्ही कायम चिडलेले असता.”

“बाई, दाराची मूठ...”

“ऐकलं. उघडते. पण आत चाललंय काय?”

मुलगी उठली. तिने माझ्या बाजूला येऊन सांगितलं की गाणं आहे, अणुबॉम्बचं, आणि पाच वाजता कार्यक्रम आहे.

“मग म्हणा,” बाई म्हणाल्या. “मला असं स्वच्छ पुन्हा कधी ऐकू येणार?”

घड्याळात साडेचार वाजून गेले होते. आम्ही गाणं म्हटलं. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं, कारण ‘मरण’मधला ण मी गिळला होता. तिसऱ्यांदा ते संपलं तेव्हा त्यांनी पुन्हा पेन्सिल हातात घेतली.

“बारा हजार खरंच आहेत?”

“हो आजी,” मुलगी म्हणाली.

“मी नवीन शिक्षिका होते तेव्हा लढाईची भीती होती. वरून हुकूम आला, बॉम्ब पडला तर काय करायचं ते मुलांना शिकवा. मी भोंगा झाला की सगळ्यांना बाकाखाली बसवायची, कानात बोटं घालून. एकदा एका मुलीने खालूनच विचारलं, बाई, बाक किती जाड हवं? मी तिला गप्प बस म्हटलं.” त्यांनी पेन्सिल तक्त्यावर समांतर ठेवली. “सगळ्या नोकरीत माझ्याकडून उत्तर राहिलेला तो एकच प्रश्न आहे.”

मग बाई उठल्या आणि त्यांनी एका बोटाने दार उघडलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

गल्लीतून आम्ही पळत निघालो. सर्वात पुढे ड्रम घेऊन वादळ, मधे मी, झांज पोटाशी धरून. प्राचार्यबाई पळत नव्हत्या, पण का कोण जाणे, सर्वांच्या आधी पोचल्या. मशीन ड्रॉवरमध्येच राहिलं हे मला सभागृहाच्या पायरीवर आठवलं. वाटेत मुलगी धापा टाकत मला एवढंच म्हणाली, “शेवटची ओळ बदलायची. कळलं ना कुठली?” मला कळलं होतं.

सभागृहात एकोणीस माणसं होती. हवामानवाले काका पुढच्या रांगेत, सेक्रेटरी मागे उभे, चार नंबरच्या बाई स्विचपाशी मनगटी घड्याळ बघत, आणि व्यासपीठाच्या कडेला दोन बादल्यांच्या मधोमध माझी बायको, चेहऱ्यावर त्या नळाच्या वेळचे भाव घेऊन. तारा जोडण्यात, खांबाची मान सरळ करण्यात आणि माईक शिट्ट्या मारायचा थांबवण्यात पाच वाजून बारा मिनिटं झाली.

मी माईकसमोर उभा राहिलो आणि सवयीने विचारलं, “ऐ-कू ये-तं-य का?” एकोणीस माणसांनी शाळकरी मुलांसारखं ‘हो’ म्हटलं. मग सुरू झालं.

मला नीटसं आठवत नाही. पहिल्या कडव्यात माझी डावी चप्पल व्यासपीठावरून खाली गेली. ‘वारा आला’ या ओळीला काका उभे राहिले आणि त्यांनी हाताने दिशा दाखवली. दुसऱ्या कडव्याला माझा पाय बादलीला लागला आणि अर्धी वाळू बायकोच्या मांडीवर गेली, आणि तिने ती शांतपणे मूठमूठ परत भरली, कारण ती जबाबदार व्यक्ती होती. आणि एका क्षणी मी बाजूला बघितलं, तर मुलगी गिटार वाजवता वाजवता हसत होती, मला नव्हे, माझ्याबरोबर.

शेवटच्या ओळीच्या आधी बरोबर सव्वापाच झाले. चार नंबरच्या बाईंनी बटण बंद केलं. लाउडस्पीकर गेला, गिटारचा आवाज गेला. पण गेल्या अठरा वर्षांत माझा आवाज काही विजेवर चाललेला नाही. मी पोटातून, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं:

“बाई, बा-क कि-ती जा-ड ह-वं?”

प्राचार्यबाईंना ऐकू गेलं नव्हतं, पण त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या, आणि त्यांना कळलं. त्यांनी पदर नव्हे, चष्मा नव्हे, नुसता हात डोळ्यांवर धरला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. हवामानवाले काका “ते अंतरावर अवलंबून...” एवढं बोलून आपणहून थांबले, आणि त्यांना मी पहिल्यांदाच असं थांबताना पाहिलं.

मग चार नंबरच्या बाई वही घेऊन पुढे आल्या. “हे शेवटचं जे होतं, ते गाणं होतं की प्रश्न?”

माझ्या मुलीने माझ्याकडे बघितलं. “प्रश्न,” ती म्हणाली.

“नागरिकाने जाहीर ठिकाणी प्रश्न विचारला तर नोंदवावा लागतो,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तो शब्दशः लिहून घेतला, मला क्रमांक दिला आणि माझी चप्पलही दिली.

त्या प्रश्नाने मग आपला प्रवास केला. दर सोमवारी मी आणि प्राचार्यबाई खिडकी क्रमांक चारवर जाऊन चौकशी करायचो. संरक्षणाचा विषय आपल्याकडे नाही म्हणून तो शिक्षण विभागात गेला. अभ्यासक्रमात नाही म्हणून तिथून बांधकामात गेला. शेवटी बाक हे फर्निचर आहे असं कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि तो भांडार शाखेत स्थिरावला. सातव्या आठवड्यात उत्तर आलं. शिक्का, सही, सगळं. प्राचार्यबाईंनी ते दुकानात बसून, नवीन बॅटरी घातलेलं मशीन कानाला लावून, मोठ्याने वाचलं. मुलगी गिटार मांडीवर घेऊन शेजारी बसली होती.

‘आपल्या प्रश्नाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, शालेय बाकाच्या फळीची मंजूर जाडी पाऊण इंच आहे.’

बाईंनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात पाऊण इंचाचं अंतर धरलं आणि त्यातून बराच वेळ पलीकडे पाहिलं. मग कागदाची नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली.

“एवढ्याने होणार नाही,” त्या म्हणाल्या. “पुन्हा कधी ओरडायचंय?”